पुन्हा पहिला सोमवार

“गळ्याला हात लावण्याआधी कागद पाहायचा. रुग्णाचा नव्हे, आपला.”

वाचा-उपचार शिकवणाऱ्या कुसुमताईंचा तो वर्गातला आवाज आठवला आणि हेमराजभाऊंच्या गळ्याकडे निघालेली चिन्मयीची बोटं वाटेतच थांबली. तिनं हात मांडीवर घेतला.

खाटेवर हेमराजभाऊ तोंड उघडून तयार बसले होते. उभा जन्म हातमागावर गेलेला. त्या खडखडाटातून बायकोला ‘जने’ म्हणून हाक मारायची, तर ती गल्लीभर ऐकू जाई. दिवाळीनंतर झटका आला, उजवं अंग गेलं आणि हाकही गेली. आता सगळ्याला एकच, ‘हो हो’. पाणी हवं तरी, नको तरी.

“काहून थांबल्या वं ताई?” जनाबाईंनी विचारलं.

चिन्मयीनं खरं ते सांगितलं. वाचा-उपचाराची पदवी होती, नोंदणीही होती. ती दर पाच वर्षांनी प्रशिक्षणं करून नवी करून घ्यावी लागते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं करण्यात ते राहून गेलं. आता उपचार करायचा हक्क नाही. समोरच्याच घरात कोण कागद मागतंय, असं श्रीधर, तिचा नवरा, सकाळीच म्हणाला होता. कोणी मागणार नव्हतं, तेच तिला टोचत होतं. एरवी भाकरी थापताना अजून तिचे ओठ आपसूक मिटत, उघडत. प, फ, ब.

सरकारी दवाखान्यात वाचा-उपचार करणाऱ्या रितिकाकडे न्या, असं तिनं सुचवलं. नेतोच की, जनाबाई म्हणाल्या, पण त्या लहानशा पोरीसमोर हे लाजतात, तोंड उघडत नाहीत. इथं उघडलं. एकदा ‘जने’ म्हणाले की झालं, बाकी काही नको.

“मंग तुमचा कागद गेला तो गेलाच?”

“नवा करता येतो. पण सगळं पहिल्यापासून.”

जनाबाई हसल्या. “माह्यासारखंच. सोळातले नऊ सोमवार झाले होते, ह्यायच्या वाचेसाठी धरलेले. दवाखान्याच्या धावपळीत दहावा मोडला. लोकं म्हणतात, चालते. चालते तं चालते, पण आपल्याले तं माहीत राह्यते ना. या सोमवारी पुन्हा एकापासून धरून राहिली मी.”

चिन्मयी हेमराजभाऊंसमोर नीट बसली.

“भाऊ, मी कागद घेऊन येते. तोवर रितिकासमोर तोंड उघडायचं.”

“हो हो.”

तो होकार होता की नकार, ते जनाबाईंनाही सांगता आलं नसतं.

सोमवारी सकाळी चिन्मयीनं देवाची पूजा उरकली, पदवीची प्रत पिशवीत घातली आणि स्कूटर बाहेर काढली. प्रशिक्षणाचा आज पहिला दिवस होता. समोरून जनाबाई बेलाची पानं घेऊन महादेवाकडे निघाल्या होत्या. त्यांनी एक बोट वर केलं. हेल्मेटचा पट्टा लावता लावता चिन्मयीनंही एक बोट दाखवलं.

पलीकडे दारात हेमराजभाऊ बसले होते. पाठमोऱ्या बायकोकडे बघताना त्यांचे ओठ हलल्यासारखे चिन्मयीला वाटले. उतरून जवळ जायचा मोह तिनं आवरला आणि गाडी गल्लीबाहेर काढली.