त्रास नको म्हणून नेलेले डबे

द्रामेन शहरातल्या त्या चार मजली इमारतीत कुठल्याही कारणाने सभा भरली, की एक प्रश्न हमखास निघायचा. "पण यात कुणाला त्रास तर नाही ना होणार?"

हा प्रश्न बहुधा तूरिदच विचारायची. तूरिद इमारतीच्या समितीची प्रमुख. वय सत्तावन्न, नगरपालिकेच्या कचेरीत नोकरी, आणि अंगात दहा माणसांचा उरक. कुणी आजारी पडलं की हिच्या सूपचं पातेलं दारात हजर. मात्र स्वतः कुणाकडे पाणीसुद्धा मागायची नाही. "उगीच कशाला कुणाला त्रास!" हे तिचं पालुपद होतं.

आता हे काही एकट्या तूरिदचं दुखणं नव्हे. आमच्या या नॉर्वेत निम्मा देश असाच वागतो. जिन्यात शेजाऱ्याची चाहूल लागली तर त्याला बोलायचा त्रास नको म्हणून लोक दाराआड थांबून राहतात! आणि वाचकहो, तुम्हीही हसू नका. "आम्ही जेवूनच आलोय हो," असं उपाशीपोटी सांगणारी माणसं तुमच्याही घरात असतील.

तर या वर्षी तूरिदने एक सहल ठरवली. नुसती हिंडाफिरायची नाही. सकाळी सेवा, दुपारनंतर संस्कृती. सोग्नच्या फ्योर्डकाठी, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या फाट्याकाठी, एक गाव आहे. तिथल्या उभ्या चढावरच्या शेतांत यंत्र चालत नाही. गवत हातानेच कापावं लागतं, आणि गावात हात उरलेले नाहीत. गावच्या मंडळाने शहरातल्या लोकांना हाक दिली होती. सकाळी गवत कापा, दुपारी जुनं लाकडी चर्च बघा, विणकाम बघा, सारंगी ऐका.

"राहायचं गावच्या सभागृहात, आपापल्या गाद्यांवर," तूरिदने सभेत बजावलं. "जेवण आपापलं. कॉफीसुद्धा आपल्याच थर्मासमधली. त्या लोकांवर एका कपाचाही भार पडता कामा नये!"

"आणि श्वास कुठला घ्यायचा? तोही घरून भरून न्यायचा का?" मागच्या खुर्चीवरून गुडमुंड म्हणाले. गुडमुंड तिसऱ्या मजल्यावरचे. ट्राम चालवून निवृत्त झालेले, बायको ओसे गेल्यापासून एकटे. सगळे हसले. तूरिदही हसली, पण नियम बदलला नाही.

इमारतीच्या मंडळींना ज्या शेतावर नेमलं होतं ते बोर्गहिल्डबाईंचं. बाई एकोणऐंशीच्या. नवरा मागच्या हिवाळ्यात गेला. घर उंचावर, खाली फ्योर्डचं हिरवं पाणी, आणि घरामागे छातीवर येणारा चढ. बाईंनी प्रत्येकाशी हात मिळवला, प्रत्येकाचं नाव विचारलं आणि ते दोनदा म्हणून पाहिलं.

"गवत आत आलं तर मेंढ्या राहतील," त्यांनी सरळच सांगितलं. "नाही आलं तर पानगळीच्या आधी विकून टाकायच्या. हिवाळ्यात त्यांना घालू काय? आणि मेंढ्या गेल्या की मी तरी इथे कशाला राहू? भाची म्हणतेच आहे, वृद्धाश्रमात जागा आहे म्हणून."

"मेंढ्या राहतील!" तूरिद म्हणाली, आणि तिने लांब दांड्याचा विळा उचलला.

काम मात्र झकास झालं. कुणी कापलं, कुणी गोळा केलं, कुणी खांब रोवून तारा ओढल्या आणि त्यांवर धुणं वाळत घालावं तसं गवत वाळत घातलं. दुसऱ्या मजल्यावरची विग्दिस दोनदा घसरून पडली आणि दोन्ही वेळा खदखदून हसली. दुपारपर्यंत निम्मा चढ मोकळा झाला.

तेवढ्यात बोर्गहिल्डबाई अंगणाच्या कडेला आल्या. अंगावर इस्त्रीचा एप्रन, केस नीट बांधलेले. "या! वाढलंय!"

अंगणात लांब टेबल मांडलं होतं. पांढरं स्वच्छ कापड, पातळ कडक भाकऱ्यांची चळत, वाळवलेलं मटण, आणि मधोमध मोठ्या पातेल्यात आंबट सायीची लापशी. वर लोणी सुटून आलेलं, दालचिनीचा वास थेट चढापर्यंत पोचलेला. ही लापशी गवतकापणीच्या दिवसाचीच. ती ढवळताना बाईमाणसाचा हात गळून जातो.

"अहो, हे काय!" तूरिद कळवळून म्हणाली. "नको, नको! तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात? आम्ही आपापलं आणलंय. तुमच्यावर अजिबात भार टाकायचा नाही, असं आमचं ठरलंय."

"पण मी केलंय," बाई म्हणाल्या.

"तुम्ही निवांत बसा. आम्ही इथेच गवतात बसतो!"

आणि ते सगळे खरंच गवतात बसले हो! कागदात गुंडाळलेले ब्रेडचे काप निघाले, तपकिरी चीज निघालं, थर्मास निघाले. विग्दिसने एकदा टेबलाकडे पाहून आवंढा गिळला, पण नियम म्हणजे नियम. गुडमुंडनी डबा उघडलाच नाही. भूक नाही म्हणाले.

बोर्गहिल्डबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. हात एप्रनला पुसले, पुसायचं काही नसताना. "बरं," एवढंच म्हणाल्या. मग एकेक भांडं उचलून आत नेलं, आणि शेवटी कापडाची घडी घातली.

दुपारी मंडळींनी चर्च पाहिलं. आठशे वर्षांच्या लाकडाला हात लावून सगळे हळहळले, की किती छान संस्कृती आणि कशी लोपत चालली आहे! परत येताना तूरिद दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवायला बाईंच्या दारात थांबली.

"उद्या येऊ नका," बाई म्हणाल्या. "झालं तेवढं पुष्कळ झालं. मेंढ्यांच्या व्यापाऱ्याला मी फोन केलाय."

"अहो, पण निम्मं गवत उभं आहे! आम्ही कापून देतो ना!"

"उपकार डोक्यावर घेऊन मला झोप लागत नाही."

"पण आम्ही तुमच्याकडून काही घेतच नाही!"

"तेच ना," बाई म्हणाल्या, आणि दार हळूच लोटून घेतलं.

सभागृहात त्या संध्याकाळी नुसता कल्लोळ झाला. तूरिदचे डोळे भरून आले होते. "मी काय चुकले? पाठ मोडेपर्यंत राबलो, एक घास खाल्ला नाही त्यांचा, आणि बाई दार लावून घेतात!"

"म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं," कुणीतरी म्हणालं. "कृतघ्न!"

"गप्प बसा!"

हा आवाज गुडमुंडचा होता. एरवी थट्टेशिवाय न बोलणारा माणूस असा कडाडला, तसे सगळे चपापले.

"कृतघ्न कोण? अगं तूरिद, गवतकापणीचं दुगनाड म्हणजे काय, हे तुला ठाऊक नाही? आपल्या इमारतीत आपण वर्षातून दोनदा करतो ना? सगळ्यांनी मिळून काम करायचं आणि शेवटी एकत्र बसून खायचं. तू माझ्या दारी राबायचं, मी तुझ्या. इथे डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. आता या बाईला आपल्या दारी राबता येणार आहे का? तिच्या हातात एकच गोष्ट होती, आपल्याला पोटभर जेवू घालणं. तेवढ्यावर ती आपल्या बरोबरीची झाली असती. आणि आपण तिच्या डोळ्यांदेखत डबे उघडले!"

"पण त्यांना त्रास..."

"त्रासच द्यायला हवा होता!" मग गुडमुंडचा आवाज खाली आला. "ओसे गेली तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मला जेवण पुरवलं. किती महिने! मी विसरणार नाही. पण तुमच्यापैकी कुणी माझ्या घरी बसून कॉफी घेतली? मी रोज किटली चढवायचो. तुम्ही दारातूनच पातेलं द्यायचात. 'नको गुडमुंड, तुम्ही कशाला त्रास घेता!' ओसे असताना आमच्या स्वयंपाकघरात बसायला जागा पुरायची नाही. ती गेली आणि मी शेजारी राहिलो नाही. मदत करण्याजोगा एक म्हातारा झालो."

त्या पातेलेवाल्यांत पहिला नंबर तूरिदचा होता. दारात किटलीचा वास यायचा, हे तिला आता आठवलं. तेव्हाही आला होता, पण ती घाईत होती. तिला वाटायचं, आपण देतो, देतो आणि देतोच. घ्यायला मात्र तिला कमीपणा वाटत होता, आणि तो कमीपणा ती चांगुलपणा म्हणून मिरवत होती! तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"उद्या सकाळी मी जाते," ती म्हणाली.

"एकटी नको. सगळे जाऊ," गुडमुंड म्हणाले. "आणि उपाशी जाऊ."

सकाळी बोर्गहिल्डबाईंनी दार उघडलं तर पायऱ्यांवर सगळी पलटण उभी. तूरिद पुढे झाली. तिने मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

"बोर्गहिल्ड, कालची लापशी आहे का हो?"

"ती शिळी चांगली लागत नाही."

"मग..." तूरिद अडखळली. उभ्या आयुष्यात हे वाक्य तिने कुणाच्या दारात उच्चारलं नव्हतं. "मग नवी कराल का? आम्हाला भूक लागलीय. काल आमचं चुकलं. खूप चुकलं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे. "आणि डबे?"

"बसमध्ये कुलूप लावून ठेवलेत," गुडमुंड म्हणाले. "म्हणत असाल तर तुमच्या मेंढ्यांना घालू."

"माझ्या मेंढ्या तपकिरी चीज खात नाहीत." बाईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "लापशीला वेळ लागतो."

"तोवर आम्ही गवत कापतो!"

"तू नाही," बाई तूरिदला म्हणाल्या. "तू आत ये. काल माझा हात गेलाय. आज तू ढवळ. आणि थांबलीस तर खाली लागेल, सांगून ठेवते."

तूरिदने ढवळलं. घामाने भिजेपर्यंत ढवळलं. बाई शेजारी उभ्या राहून तिला टोकत होत्या, की अजून पीठ भुरभुरव, अजून जोर लाव, कचेरीत काय नुसते कागदच उचलतेस का! आणि लोणी सुटून वर आलं तेव्हा दोघी एकदम ओरडल्या, "आलं!"

दुपारी टेबलावर तेच पांढरं कापड आलं. तूरिदने वाटीत दोन चमचे वाढून घेतले, तशा बाई गरजल्या, "चिमणीचं पोट आहे का तुझं? भर ती वाटी!" तूरिदने वाटी भरली. संपवली. पुन्हा भरली. विग्दिसची तिसरी वाटी चालू होती. जेवता जेवता बाई सांगत होत्या, पूर्वी या खुर्चीवर कोण बसायचं, कोण खाऊन तिथेच घोरायचं, नवऱ्याने पहिल्यांदा मागणी घातली तीही याच टेबलावर, तोंडात घास असताना. मग कुणी न सांगता त्या उठल्या आणि वरच्या रानाकडे तोंड करून त्यांनी मेंढ्यांना हाक घातली. उंच, लांब, सुरात वळणारी हाक, त्यांच्या आईची आणि आजीची. क्षणभराने वर घंटा किणकिणल्या आणि मेंढ्या उड्या मारत खाली आल्या. काय सांगू! आदल्या दिवशी लाकडी खांबांत शोधलेली संस्कृती आज भरल्या ताटावर बोलत होती, आणि हे लोक जेवायला बसले नसते तर तिने तोंडही उघडलं नसतं.

उरलेलं गवत दुसऱ्या दिवशी तारांवर चढलं. बाईंनी व्यापाऱ्याला पुन्हा फोन केला. काय बोलल्या ते कुणी ऐकलं नाही, पण फोन ठेवताना त्या हसत होत्या.

द्रामेनला परतल्यावर पहिल्याच रविवारी तूरिद तिसऱ्या मजल्यावर गेली. रिकाम्या हाताने. "गुडमुंड, कॉफी मिळेल का?" गुडमुंडनी किटली चढवली, आणि ती चढवताना बराच वेळ पाठ वळवून ठेवली होती.

मित्रहो, सेवा करायला जरूर जा. लांबच्या गावी जा, पाठ दुखेपर्यंत राबा. पण जाताना आपली भूकही बरोबर न्या. ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही, त्याला आपण नकळत भिकारी करून ठेवतो. देणारा हात चांगलाच. पण ज्याला मागून घेताही येतं, तोच खरा सोबती होतो.

ऑक्टोबरात एके दिवशी तूरिदचा फोन वाजला.

"बोर्गहिल्ड बोलतेय. तुमच्या इमारतीचं पानगळीचं दुगनाड कधी असतं?"

"येत्या शनिवारी. का हो?"

"मी येतेय. मेंढ्या दोन दिवस भाची बघेल. पानं गोळा करायला मला अजून वाकता येतं."

एकोणऐंशी वर्षांची बाई, आगगाडीचा एवढा लांबचा प्रवास, थंडीचे दिवस! "अहो, कशाला उगीच त्रा..." एवढं तूरिदच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"या," ती म्हणाली. "काम पुष्कळ आहे. आणि जेवायला माझ्याकडे."