शेवटची ओळ वाचली म्हणून

मित्रांनो, मी डोळ्यांच्या दवाखान्यातला एक जुना अक्षरांचा तक्ता आहे, आणि मी रागावलेला आहे. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असते. ती आज बाजूला ठेवा.

माझा जन्म छापखान्यातला. वर एक मोठं अक्षर, खाली बारीक बारीक होत गेलेल्या ओळी. डॉक्टरबाईंनी मला खुर्चीसमोर टांगलं आणि मागे दिवा बसवला. तेव्हापासून माणसं येतात, एक डोळा झाकतात आणि मला वाचतात. पण मी तपासणीची नुसती पहिली पायरी! पुढे डोळ्यातला दाब मोजायचा असतो, कडेचं किती दिसतं ते बघायचं असतं, थेंब घालून बाहुली मोठी करायची आणि आतला पडदा, नस तपासायची असते. लोक मात्र माझ्यापाशीच थांबतात आणि वर माझं कौतुक करतात. जळलं मेलं ते कौतुक!

शाळेची बस चालवणारे एक मामा दरवर्षी यायचे. माझी शेवटची ओळ धडाधड म्हणायचे आणि उठायचे.

"मामा, थेंब घालून आतून बघू द्या हो," डॉक्टरबाई म्हणायच्या.

"थेंबांनी दुपारभर धूसर दिसतं. मग मुलांना घरी कोण सोडणार? आणि ओळ वाचली की! हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

बाईंचं बोलणं संपायच्या आत मामा पसार. भिंतीवरून उडी मारून त्यांची वाट अडवावी असं मला वाटायचं.

यंदा त्यांची मुलगी त्यांना ओढतच घेऊन आली. "बाई, काल एक लहान मुलगी बाजूनं पळत आली, ती बाबांना दिसलीच नाही. बसखाली यायची, थोडक्यात वाचली."

बाई मामांच्या समोर बसल्या. "माझ्या नाकाकडे बघा. कडेला बोटं हलताना दिसली की सांगा."

मामा बघत राहिले. मग वैतागले. "अहो, सुरू करा की!"

बोटं केव्हाची हलत होती. मुलीनं तोंडावर हात ठेवला.

"काहीतरीच! मला सगळं दिसतं," म्हणत मामांनी माझी शेवटची ओळ एका दमात म्हणून दाखवली. एकही अक्षर चुकलं नाही. माझा असा संताप झाला की स्वतःच टराटरा फाटावं!

मग दाब मोजला, थेंब घातले, नस पाहिली. काचबिंदू निघाला. कडेची नजर कधीच गेली होती आणि गेलेली परत येत नाही. उरलेली औषधानं सांभाळायची. बस मात्र बंद.

मित्रांनो, घरच्या मोठ्यांना सांगा, मला वाचून उठू नका. पूर्ण तपासून घ्या. थेंबांच्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्या. मामांनी एक दुपार दिली नाही. आता रोजच गाडी दुसरा चालवतो.