रिव्हर्समध्ये चढवलेली गाडी

निवृत्त झाल्यावर ह्यांनी गाडी घेतली, तीही स्वतःपेक्षा वयाने मोठी. ती उजवीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा. ड्रायव्हरचं दार आतून उघडायचंच नाही. काच खाली करून बाहेरून कडी ओढायची. मी कुरकुरले की ह्यांचं ठरलेलं उत्तर, "बिघाड नाही तो. बनवणाऱ्यांनी तशीच बनवलीय." म्हणजे चुका त्यांच्या आणि निस्तरायचं आम्ही.

माझ्या धाकट्या बहिणीने टेकडीवर घर बांधलं आणि आम्हाला जेवायला बोलावलं. ह्यांची मान आखडलेली, गळ्यात पट्टा. मी टॅक्सीचं नाव काढलं, पण ह्यांनी ऐकलं तर ना. ऐंशीच्या सासूबाई मागे बसल्या आणि आम्ही निघालो.

शेवटच्या चढावर गाडी आचके देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, दहा पावलं गेली, पुन्हा ठप्प. ह्यांनी मेकॅनिकला फोन लावला.

"टाकीत किती आहे?" त्याने विचारलं.

"पाव."

"मग कशी चढेल? हिला पंपच नाही. टाकी सीटखाली, पेट्रोल आपलं आपण इंजिनाकडे वाहत जातं. नाक वर झालं की ते मागेच राहतं. गाडी फिरवा आणि रिव्हर्समध्ये चढवा."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण ह्यांचा चेहरा पडला. मान तर वळत नव्हती. तीन वर्षं मला स्टीअरिंगला हात न लावू देणारा माणूस खाली उतरला आणि म्हणाला, "तूच घे."

मागची काच पोस्टकार्डाएवढी. सासूबाई खिडकीतून डोकं काढून सांगत होत्या, "डावीकडे घे," आणि हात उजवीकडे दाखवत होत्या. हे धापा टाकत वर चालत जाऊन रस्ता मोकळा करत होते. एका वळणावर हॉर्न किंचाळला, मी दचकले आणि मडगार्ड दगडी कुंपणाला घासलं. ह्यांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि पुन्हा वर चालू लागले.

फाटकातून गाडीची पाठ आत शिरताना पाहून बहीण म्हणाली, "आलात की निघालात?"

जेवताना हे तिच्या नवऱ्याला कौतुकाने सांगायला लागले, "ही गाडी उलटीसुद्धा चढते."

"अहो, पंप बसवून घ्या," मी म्हणाले.

"मग ती अस्सल कुठे राहिली?"

लेकाच्या गाडीबद्दल आजवर अवाक्षर न काढलेल्या सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मान माझीही दुखतेय. पंप बसव."

आठवड्याभरात पंप बसला. हे दोन दिवस गाडीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी चावी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "बाजारात जातेयस ना? घेऊन जा."

बाजारापर्यंत चार उजवी वळणं. मी पिशवी उचलली आणि चालत गेले.