मासळीच्या पेटीतल्या दोघी

मित्रांनो, मी अमर आहे.

हे मी गर्वाने सांगत नाही. माझ्यामागे कुणाची तपश्चर्या नाही की कुणाचा वर नाही. मी एक जुनी थर्माकोलची पेटी आहे आणि थर्माकोल कुजत नाही, एवढीच ती भानगड. जाणकार म्हणतात की माणसांच्या कितीतरी पिढ्या येतील आणि जातील, मी आहे तशीच राहीन. या अमरत्वाचा उपयोग काय, असं विचाराल, तर मधली दोन वर्षं माझ्यात कांदे ठेवत असत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साबुदाण्याएवढे पांढरे मणी साच्यात ओतले, वरून वाफ सोडली आणि मी तयार झाले. बालपण साधारण दोन मिनिटांचं. लगेच ट्रकमध्ये चढवून मला बंदरावर नेलं, पोटात बर्फ आणि पापलेटं भरली, झाकणाला चिकटपट्टी मारली आणि कळव्याच्या मासळीबाजारात आणून उतरवलं. आमच्यातल्या बहुतेक पेट्या दोन-चार खेपांत मोडतात. मीही मोडले असते, पण भागीरथीने मला पाहिलं.

भागीरथी म्हणजे कळव्याच्या खाडीकाठच्या जुन्या कोळी घरातली बाई. पस्तीस वर्षं तिने बाजारात बसून मासे विकले. तिने मला उचललं, अंगठ्याने दाबलं, खड्डा पडतो का ते पाहिलं आणि म्हणाली, "ही ठेवायची. हिचं अंग घट्ट हाय." त्यानंतर नऊ वर्षं मी तिच्या डोक्यावरून बाजारात जात-येत होते. "भागामावशीच्या पेटीत बर्फ दुपारपर्यंत टिकतो," असं शेजारच्या बायका म्हणायच्या. आयुष्यात एवढी एकच स्तुती वाट्याला आली, म्हणून ती शब्दशः पाठ आहे.

त्या काळात मांजर म्हणजे चोर, याबद्दल आमच्या बाजारात दुमत नव्हतं. भागीरथी बसल्या जागेवरून बर्फाचा खडा फेकायची आणि तिचा नेम चुकलेला मी पाहिला नाही. बाजारातली मांजरं तिच्या समोरून जात नसत, मागच्या गल्लीतून वळसा घेत.

मग तिचे गुडघे गेले. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, बाजार सुटला, मी गॅलरीत गेले आणि माझ्यात कांदे आले. घरी बसल्यावर भागीरथीने नवऱ्याला सुधारायचं काम हाती घेतलं. नाथा शांत गृहस्थ. कंपनीतून निवृत्त झालेला, हौसेपुरतं खाडीत जाळं टाकणारा. तीन महिन्यांत तो इतका सुधारला की पेपरमागून बाहेर येईनासा झाला. त्यांची मुलगी प्राप्ती घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात नोकरीला आहे. बापाची अवस्था तिला बघवेना. एका शनिवारी तिने जाहीर केलं की आपण मांजर दत्तक घेतोय.

"मांजर? माज्या घरान?" भागीरथी म्हणाली.

"एक नाही आई, दोन. सख्ख्या बहिणी आहेत, त्यांना वेगळं देत नाहीत."

"मंग आख्खा बाजारच आण ना."

"आण गो," नाथा पेपरमागून म्हणाला. "मना जरा सुट्टी भेटेल."

दत्तक देणाऱ्या संस्थेची मुलगी, ऋजुता, घर पाहायला आली. तिच्याकडे चार पानांचा फॉर्म होता. आमच्या प्राप्तीला ज्या मुलाने पाहून पसंत केलं, त्याच्या आईनेही एवढे प्रश्न विचारले नव्हते.

"काकू, मांजरांचा पूर्वीचा अनुभव?"

"पस्तीस वर्स."

ऋजुता भारावली. तिने 'भरपूर' असं लिहिलं. प्राप्तीने खाली पाहिलं, नाथाने पेपर उलटा केला. मीही गप्प राहिले, पेटीला कोण विचारतं!

"आणि गॅलरीला जाळी लागेल. मांजर पडता कामा नये."

यावर नाथाने पेपर चक्क खाली ठेवला. या घरात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या विषयातलं बोलत होतं. "कुठल्या मापाची? बोईट मासा धरायची की कोलबी?" त्याने विचारलं आणि संध्याकाळच्या आत आपलं जाळं गॅलरीला असं काही ओढून बांधलं, की कबुतरंसुद्धा बाहेरून थांबून पाहू लागली.

अशा रीतीने दोघी आल्या. कागदावर त्यांची नावं कोको आणि मिलो अशी होती. "बिस्किटाचा पुडा हाय काय?" असं म्हणून भागीरथीने ती रद्द केली. एक पिंजऱ्यातून सुटताच दिसेनाशी झाली, ती निवटी. निवटी हा खाडीच्या चिखलातला छोटा मासा, पाऊल वाजलं की बिळात गडप होतो. दुसरीने नाथाच्या मनगटाला चारही पंजांनी मिठी मारली, ती चिंबोरी, म्हणजे खेकडी.

प्राप्तीने त्यांच्यासाठी मऊ गुलाबी गादी आणली होती. दोघींनी ती लांबून पाहिली, आणि गॅलरीत येऊन, कांदे बाहेर पाडून, माझ्यात शिरल्या. नऊ वर्षांचा वास मित्रांनो, तो काही जात नाही. त्याबद्दल मी आयुष्यभर बोलणी खाल्ली होती. त्या दिवशी तो गुण ठरला.

भागीरथीला कोण आनंद झाला! तिने मला उचलून बैठकीच्या खोलीत ठेवलं, उलटं केलं आणि पुढच्या बाजूला दार कापलं. कापायला तिच्याजवळ एकच हत्यार होतं, मासे कापायचा कोयता. कोयता सुरमईतून लोण्यासारखा जातो, थर्माकोलमधून जात नाही. दाराची कड खडबडीत झाली, मणी मोकळे झाले. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. आपल्याच घराचं नवं दार कुणाला वाईट दिसतं?

आता मला जे सांगायचं आहे ते भागीरथीबद्दल. मी पुष्कळ कष्टाळू बायका पाहिल्या आहेत, बाजार त्यांनीच भरलेला असतो. पण पासष्टाव्या वर्षी अनोळखी विद्या शिकणारी बाई मी एकच पाहिली. ऋजुताने सांगितलं होतं, मांजरांकडे टक लावून बघू नका, मोठ्याने बोलू नका. तर ही बाई माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसायची आणि बोलत राहायची. कोणत्या घाटावर काय मिळतं, कोणत्या वहिनीची सून कशी निघाली. पस्तीस वर्षं ओरडून भाव सांगितलेला तो गळा, तो कुजबुजायला शिकला. चौथ्या दिवशी पाठीमागून एक नाक आलं आणि तिच्या कोपराला लागलं. भागीरथी हलली नाही. नाथा चहा मागत होता, त्यालाही तिने उत्तर दिलं नाही.

त्या दिवसापासून रोज सकाळी तपासणी सुरू झाली. एकेकीला मांडीवर घ्यायचं, ओठ वर करून हिरड्या पाहायच्या, डोळ्यांत बघायचं, मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडायची, ती लगेच बसते का पाहायचं.

"आई, ती पापलेट आहे का?" प्राप्ती हसून लोळायची.

"गप गो. कल्ले लाल, डोळा चकचकीत, अंग घट्ट. मना दुसरं काय येतंय बघायला?"

सातव्या दिवशी निवटी माझ्यातून बाहेर आली नाही. सकाळी जेवली नाही, संध्याकाळीही नाही. एकदा थोडं पाणी ओकली. प्राप्तीने ऋजुताला फोन लावला. ऋजुता म्हणाली, नवी जागा आहे, काही मांजरं आठवडाआठवडा लपतात, ताण घेऊ नका. प्राप्तीने मोबाइलवर वाचलं, तिथेही तेच लिहिलं होतं. सगळे निश्चिंत झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथीने हात घालून निवटीला बाहेर काढलं. ओठ वर केला. हिरडी पांढुरकी. मानेवरची कातडी उचलून सोडली. ती उचललेलीच राहिली.

"लपलेली नाय ही," ती म्हणाली. "नरम पडलीय."

"आई, अगं सगळ्यांच्याच लपतात. सगळीकडे लिहिलंय तसं."

"बंदरावर पस्तीस वर्स 'ताजा माल, ताजा माल' करून मना फसवाया बघितलं. एकदा तरी फसली काय मी? चल. पिशवी आण."

दवाखान्यात काय झालं ते मी मागाहून घरातल्या बोलण्यातून ऐकलं. डॉक्टर तरुण होता, सर्वेश नावाचा. त्याने निवटीला टेबलावर घेतलं, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, मानेवरची कातडी उचलून सोडली. प्राप्ती आईकडे बघतच राहिली.

"अंगातलं पाणी कमी झालंय," डॉक्टर म्हणाला. "वेळेवर आणलंत. मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"बाजारान."

त्याने सलाईन लावलं. पोट चाचपताना त्याला काहीतरी अडकल्यासारखं लागलं, पण एक्स-रेमध्ये स्पष्ट काही दिसेना. दोरा, रबर, प्लास्टिक, काय गिळलंय ते कळलं तर बरं होईल, असं तो म्हणाला. "माज्या घरान काय पडलेलं नसतं," असं भागीरथीने त्याला सुनावलं, निवटीला सलाईनवर तिथेच ठेवलं आणि घरी येऊन शोधायला लागली. पलंगाखाली, फ्रिजमागे, नाथाच्या पेपरांत.

मित्रांनो, मला ठाऊक होतं. दोन दिवस निवटी माझ्या दाराची कड कुरतडत होती. तिला माशाचा वास येत होता आणि मला ते लाड वाटत होते. नऊ वर्षं मला कुणी बर्फाव्यतिरिक्त काही लावलं नव्हतं. मी बोलू शकत नाही, ही सबब खरी आहे, पण तेव्हा बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते, हेही तितकंच खरं.

शेवटी ती माझ्यापुढे बसली. बसली म्हणजे त्या गुडघ्यांनी जमिनीवर बसली. दाराच्या कडेला एक खाच होती, तिच्यात तिने बोट घातलं. मला वाटलं, आता मला शिव्या बसणार. तिने त्या स्वतःला दिल्या. "मीच कोयता चालवला," ती म्हणाली. "मीच."

मग उठून तिने मला डोक्यावर घेतलं.

"थांब, रिक्षा बघतो," नाथा म्हणाला.

"मासळीच्या पेटीला कोन रिक्षावाला घेतंय? चला तुमी."

दोन वर्षांनी मी पुन्हा तिच्या डोक्यावर होते. ती एक पाऊल टाकायची, दात आवळायची, दुसरं टाकायची. मागे नाथा, दोन्ही हात पुढे करून, जणू ती आत्ता पडणार आणि तो आत्ता झेलणार. नाक्यावर एक जुनं गिऱ्हाईक आडवं आलं.

"भागामावशी! चालू केलं काय परत? काय आहे आज?"

"काय नाय! सरक!"

"अगं, बघू तरी दे, पापलेट आहेत का?"

"मांजराचं घर हाय!"

गिऱ्हाईक बाजूला झालं.

डॉक्टरने खाच पाहिली. "थर्माकोल एक्स-रेमध्ये दिसला नसताच," तो म्हणाला. तुकडा केवढा असेल असं विचारलं, तर भागीरथीने करंगळीचं पेर दाखवलं. तेवढा असेल तर आपोआप जाईल, आपण उद्या दुपारपर्यंत बघू, नाहीतर पोट उघडावं लागेल आणि तिची ताकद बघता ते सोपं नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. निवटी तिथेच राहिली. मीही राहिले, पुरावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राप्तीने रजा घेतली. तिघं बाकावर बसली. नाथाने वडापाव आणला, भागीरथीने हात लावला नाही. "ती जेवली की," एवढंच म्हणाली. प्राप्तीच्या बारावीच्या निकालाला या घरात एवढी शांतता नव्हती, आणि तिथे निदान निकाल चांगल्या जागी लागणार होता. इथे सगळ्यांचे डोळे मांजराच्या शी-शूच्या ट्रेकडे लागले होते.

साडेअकराला डॉक्टरने आतून हाक मारली. "मावशी, झाली!"

तुकडा त्याने धुऊन माझ्या खाचेला लावून पाहिला. बरोबर बसला. सगळा बाहेर आला होता, आत काही राहिलं नव्हतं. भागीरथीने निवटीचा ओठ वर केला. हिरडी अजून फिकी होती, पण कालच्यासारखी नव्हती. तिने पदराने डोळे पुसले, मग नाक पुसलं आणि डॉक्टरला म्हणाली, "हात चांगला हाय रं तुजा. बाजारान बसला असतास तरी चालला असतास." एवढी शाबासकी तिने आजवर नाथालाही दिलेली नाही. नाथाने तेवढ्यात वडापाव पुढे केला. तिने खाल्ला.

आता मी माळ्यावर आहे. याबद्दल माझी तक्रार नाही, माझी जागा तीच आहे. भागीरथीने घरातली प्रत्येक दोरी, रबर, पिशवी उंचावर टांगली आहे. निवटी जेवते. संस्थेने कायमचे कागद दिले, त्यावर सहीच्या वर भागीरथीने दोघींची जुनी नावं खोडून आपण ठेवलेली लिहिली.

मित्रांनो, तुम्हीही कधी मांजर घरी आणाल. तेव्हा एका जुन्या पेटीचं एवढं ऐका. पुस्तकात, मोबाइलवर जे लिहिलेलं असतं ते सगळ्या मांजरांबद्दल असतं, तुमच्या मांजराबद्दल नसतं. ते लपलं आहे की आजारी आहे, हे तुमच्या हाताला कळायला हवं, आणि हाताला कळायचं तर तो रोज फिरायला हवा. जी गोष्ट दातांखाली येऊ शकते ती त्याच्या वाटेत ठेवू नका, मग ती त्याला कितीही आवडो आणि तिलाही ते कितीही आवडो. या घराने हा धडा जिवावर बेतल्यावर शिकला आहे आणि तो इथे कुणी विसरणार नाही.

काल चिंबोरीने नाथाच्या स्लिपरचा पट्टा खाल्ला. स्लिपर नवी होती.