औषधाची वाटणी

प्रणाली, माझी मुलगी, लग्न होऊन भोपाळला गेली आणि आम्हा मायलेकींचा मोबाईलवरचा बंदुकांचा गेम बेचव झाला. पांढुर्ण्याहून वाटेतल्या माझ्या गावी जायला सौंसरच्या बसमध्ये बसले तेव्हा ठरवलं, एकदा अनोळखी लोकांसोबत खेळायचं, नाहीतर फोनमधून काढून टाकायचा.

गेममध्ये तिघं जोडीदार भेटले. संत्रा तोडायला गेल्यावर आम्ही बायका आपला डबा आधी दुसऱ्यांपुढे करतो, तसं सापडलेलं सगळं औषध मी त्यांना वाटलं. मग पहिली गोळी मलाच लागली.

"काय करून राहिल्या काकू! स्वतःसाठी काहीच नाही ठेवलं?" त्यांच्यातली एक पोरगी फोनमधून ओरडली.

"आमच्याकडे आधी पाहुण्यांना देतात, बाई."

मला उठवायला तिघंही आडोसा सोडून धावले आणि आम्ही चौघंही मेलो. हसण्यात माझं गाव मागे पडलं.

"अजून एक डाव, काकू?"

मी कंडक्टरला म्हटलं, "भाऊ, आता सौंसरलाच उतरते."