शिडी मागायला कोणीच आलं नाही

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. दोन पाय पुढे, दोन मागे आणि मध्ये बिजागरी. सुताराने मला एका रंगाऱ्यासाठी बनवलं. माझ्या अंगावर सांडलेले रंग पाहून तुम्ही कदाचित नाक मुरडाल, पण मला त्यांचा अभिमान आहे.

रंगारीकाका मला खांद्यावर टाकून कामाला न्यायचे. भिंती रंगवताना ते बेसूर गायचे आणि मी ते निमूट ऐकायची. दुसरा इलाजच नव्हता. पण माझी खरी मिजास असायची ती सणांच्या आधी.

आमच्या छोट्या इमारतीत तीन घरं होती आणि तिन्ही घरांचे धर्म वेगळे. खाली रंगारीकाका आणि काकू, त्यांच्यासमोर घड्याळं दुरुस्त करणारे भाऊ, वर नर्सताई. एका घरचा सण चंद्र दिसला की ठरायचा, दुसऱ्याचा ठरलेल्या तारखेला यायचा आणि तिसऱ्याचा नक्की कधी, यावर घरातच वाद व्हायचा. कोणाचा देव कोणता, या भानगडीत मी कधी पडले नाही. दिवे मात्र तिन्ही घरी लागायचे.

त्यासाठी आमचा एक नियम होता. ज्यांचा सण, त्यांनी शिडीवर चढायचं नाही, कारण त्यांना घरात शंभर कामं. चढायचं ते शेजाऱ्याने. काकांच्या सणाला नर्सताई चढायच्या आणि बाकी दोन्ही सणांना काका. भाऊ खाली उभे राहायचे, पण घाबरून माझ्याऐवजी काकांचा पायच धरायचे.

"भाऊ, शिडी धरा. मी कुठं पळून चाललोय?" काका वरून म्हणायचे.

मग एका हिवाळ्यात काका आजारी पडले, ते उठलेच नाहीत. काकूंनी मला पुसून मागच्या बोळात उभं केलं, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी.

पुढे भाऊंचा सण आला. मी वाट पाहिली, पण मला न्यायला कोणी आलं नाही. भाऊंच्या दारावर एकही दिवा लागला नाही. नर्सताईंचा सणही तसाच अंधारात गेला. मला फार वाईट वाटलं. काकू तर पार खचल्या. खिडकीतून त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. त्या बहिणीला सांगत होत्या, "हे होते तोवर लोक दार वाजवत होते. आता सणालाही कोणी शिडी मागत नाही. मी तुझ्याकडेच येते राहायला. इथं आता माझं कोण आहे?"

सामान बांधून झाल्यावर त्या मला ओढत भाऊंच्या दारात घेऊन गेल्या.

"भाऊ, ही तुम्हीच ठेवा. मी बहिणीकडे चाललेय, कायमची."

"कायमची? का वहिनी?"

"माझी कोणाला गरज उरली नाही. सणालासुद्धा कोणी फिरकलं नाही."

भाऊंचा चेहरा उतरला. "तुमच्या घरात एवढं दुःख, आणि आम्ही रोषणाई करायची? मन झालं नाही, वहिनी. वरच्या ताईंनीही त्याच कारणानं दिवे बाहेर काढले नाहीत."

"मग मला एकदा विचारायचं तरी."

"तोंडातून शब्दच फुटेना."

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "ह्यांना अंधार कधी आवडला होता का, भाऊ? आणा ते दिवे."

"सण होऊन गेला, वहिनी."

"दिवे तर घरातच आहेत ना? आणा."

भाऊंनी मला घट्ट धरलं आणि काकू आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर चढल्या. आवाज ऐकून नर्सताईही आपल्या माळा घेऊन खाली आल्या. दोन्ही घरांचे दिवे लागले, तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू. काकूंनी उतरल्यावर बहिणीला फोन केला आणि सांगितलं, "येते, पण चार दिवसांसाठीच."

मित्रांनो, आता माझी बिजागरी कुरकुरते, तिला अधूनमधून तेल घालत जा. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. शेजारी दुःख झालं की आपण हळू बोलतो, दिवे विझवतो आणि दारावरून गुपचूप निघून जातो. तसं करू नका. काय बोलावं ते सुचलं नाही, तरी ते दार वाजवा आणि काहीतरी मागा. शिडी मागितली तरी चालेल.