जळकोटहून सकाळी सहाचा वर्ग

जळकोटच्या शाळेत सबिहा मॅडम एकवीस वर्षं खेळ आणि योगासनं शिकवत आल्या होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेली सृष्टी जर्मनीत नर्स झाली आणि वर्षभरातच कंबर धरून बसली. पेशंट उचला, कुशीवर वळवा, दिवसभर उभं राहा. एका दुपारी तिनं मॅडमना व्हिडिओ कॉल लावला.

"मॅडम, शाळेत शिकवलेलं मार्जारासन आठवंना झालंय. पुन्हा एकदा दाखवता का?"

मॅडमनी मोबाइल ज्वारीच्या डब्याला टेकवला, पदर खोचला आणि फरशीवर सतरंजी टाकून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सृष्टीसोबत तिची रूममेट होती. मग कुणाची जाऊ आखातातल्या दमामहून आली, कुणाचा भाचा अमेरिकेतून. दोन वर्षांत त्रेसष्ट जण झाले, आणि त्यातले बहुतेक धाराशिव जिल्ह्यातलेच. संध्याकाळचा वर्ग युरोप आणि आखातासाठी. सकाळी सहाचा अमेरिका-कॅनडासाठी, कारण तिकडं तेव्हा कामावरून घरी यायची वेळ.

मॅडमचा एकच नियम होता. वर्गात गप्पा नाहीत. "बोलायचं असंल तर घरी फोन लावा. इथं श्वासाकडं बघा," असं त्या पहिल्याच दिवशी बजावत. शवासन झालं की स्क्रीनवरच्या चौकटी एकेक करून विझत, आणि मॅडमना त्या शिस्तीचं मोठं कौतुक वाटे.

रणधीर सकाळच्या वर्गातला. सगळ्यांच्या आधी हजर व्हायचा, मागच्या भिंतीला टेकवलेली चटई उलगडायचा, आणि एक शब्द न बोलता तासभर घाम गाळायचा. जानेवारीत तो यायचा थांबला. चार दिवस झाले, आठ झाले. मॅडमनी मेसेज टाकला. त्यानं तो वाचल्याचं दिसत होतं, उत्तर मात्र नाही. बाराव्या दिवशी त्यांनी वर्ग सुरू व्हायच्या आधी विचारलं, "रणधीर कुठं असतो, कुणाला माहितीय का?"

कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी जास्मिननं तोंड उघडलं. ती धाराशिवची, लग्न होऊन कॅनडातल्या मिसिसॉगाला गेलेली.

"मॅडम, दीड वर्ष झालं, मी त्याच्या शेजारच्या चौकटीत असते. पण आम्ही कधी बोललोच नाही. तुमचाच नियम ना."

ती उद्धटपणे बोलली नव्हती, तरी ते मॅडमच्या काळजाला लागलं. त्यांनी सगळ्यांनी भरलेले नावनोंदणीचे फॉर्म काढले. रणधीरनं लिहिलं होतं: गाव तामलवाडी, तालुका तुळजापूर. हल्लीचा पत्ता: कॅनडा. त्यांनी बाकीचे चाळले. सगळ्यांनी गाव, तालुका, कुणी तर वाडीसुद्धा लिहिली होती, आणि हल्लीच्या पत्त्यासमोर नुसत्या देशाचं नाव. जणू त्या देशात ती माणसं अजून कुठं उतरलीच नव्हती.

रविवारी वर्ग आटोपून त्या निघाल्या. नळदुर्गला एक एसटी बदलली, तुळजापूरला दुसरी, आणि साडेअकराला तामलवाडीत रणधीरचं घर विचारत उभ्या राहिल्या. त्याचे वडील दगडोबा अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होते.

"मामा, मी सबिहा. जळकोटच्या शाळेत असते. रणधीर माझ्याकडं मोबाइलवरून योग शिकतो."

"रणधीर? योग?" म्हातारबांनी काठी खाली ठेवली. "आवो बाई, इथं असताना वाकून चप्पल उचलत न्हवता त्यो! बसा, बसा. च्या ठेवायला सांगतो."

चहा आला. मॅडमना विषय कसा काढावा कळेना. म्हातारा माणूस, उगाच जिवाला घोर लागायचा.

"फोन येतो का त्याचा?"

"येतो की, दर ऐतवारी. बरं हाय म्हणतो." दगडोबांनी बशी खाली ठेवली. "पर गेले दोन ऐतवार तोंड दावंना. आधी खोली दावायचा, बर्फ दावायचा. आता म्हणतो, क्यामेरा बिघडलाय. बाई, तुमी एवढ्या लांबून आलात. काय झालंय का?"

"खोटं न्हाय बोलणार मामा. मला ठाऊक न्हाय. तो वर्गाला येईना, म्हणून विचारायला आले. त्याचा तिथला पत्ता असला तर आमच्यातलंच कुणीतरी जाऊन बघून येईल."

दगडोबा उठले. दिवाळीला त्यांनी रणधीरला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पार्सलनं पाठवली होती. त्या पार्सलची पावती त्यांनी ट्रंकेतून काढून आणली. त्यावर पूर्ण पत्ता होता. गाव हॅमिल्टन. मॅडमनी फोटो काढून सकाळच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला.

जळकोटला परतून त्या भाकरी थापत होत्या, तेवढ्यात जास्मिनचा कॉल आला. तिकडं सकाळचे नऊ वाजले होते.

"मॅडम, सापडला! माझ्या घरापासून गाडीनं पाऊण तास. एवढाच, आणि मला पत्ताच नाही."

तिनं मोबाइल फिरवला. तळघरातली खोली. पलंगावर रणधीर, उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. कामावर जाताना बर्फावरून घसरला होता. दोन आठवडे ब्रेड आणि दुधावर काढले होते.

"घरी का न्हाय सांगितलंस?" मॅडमनी विचारलं.

"वडील झोपले नसते मॅडम."

"आणि आम्हाला?"

तो खाली बघत म्हणाला, "तुम्हाला सांगावं असं लई वाटलं. पण वर्गात कुणाला काय म्हणून सांगू? मला कुणाचं नावसुद्धा धड म्हाईत न्हाय."

तव्यावरची भाकरी करपली. मॅडमनी गॅस बंद केला आणि त्या तिथंच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "चूक माझी झाली, बाळा," त्या म्हणाल्या. "आधी वडलांना फोन लाव. पाय दाखवून."

त्यानं लावला. दगडोबांनी आधी दहा मिनिटं शिव्या दिल्या आणि मग जास्मिनला विचारलं, "पोरी, तू कुणाची गं?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नियम मोडीत काढला. वर्गानंतर अर्धा तास नुसत्या गप्पा. प्रत्येकानं हल्लीचा पत्ता पुरा लिहायचा आणि आपल्या जवळ कोण राहतं ते शोधून काढायचं. आठवड्याभरात कळलं की साजिद आणि मूळचे सास्तूरचे भीमाशंकर दमाममध्ये एकाच गल्लीत राहतात आणि एकाच दुकानातून दूध आणतात. सृष्टी सुट्टीच्या दिवशी तीन तासांची रेल्वे पकडून वर्गातल्या एका बाळंतिणीकडं जाऊन आली. हॅमिल्टनला रोज कुणी ना कुणी डबा पोचवू लागलं.

रणधीरसाठी मॅडमनी खुर्चीवर बसून करायची आसनं बसवली. पहिल्या दिवशी त्यानं खुर्ची ओढली, तर पलीकडच्या चौकटींतही खुर्च्या सरकल्या. जास्मिन बसली, मग आणखी सहा जण बसले.

"तुमचे पाय तर धड आहेत की," मॅडम म्हणाल्या.

"असू दे मॅडम. त्याला एकट्याला खुर्चीवर कशाला बसवायचं?" जास्मिन म्हणाली.

जूनमध्ये जास्मिनच्या मागच्या अंगणात अकरा जण चटया घेऊन जमले. रणधीर आता दोन्ही पायांवर उभा होता. मोबाइल कुंपणाला बांधला होता, आणि जळकोटला सबिहा मॅडमना पहिल्यांदाच एका चौकटीत अकरा माणसं दिसत होती. एकाच उन्हात, एकमेकांच्या कोपरांना कोपरं लागत होती. त्यांनी वृक्षासन सांगितलं. रणधीरचा तोल गेला, त्यानं शेजारच्याचा खांदा धरला, तो त्याच्या पलीकडच्यावर कलंडला, आणि सगळी रांग हसत गवतावर कोसळली.

मॅडमनाही हसू आवरलं नाही. मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "उठा आता. डावा पाय. आणि धरायचंच असलं, तर नीट धरा एकमेकांना."